आबा कळस बघून परत का यायचे?

प्रिय ओवी,

मामानं फोनवर आबांच्या वारीबद्दल सांगितल्यापासून तुझा एकच धोशा चालू आहे: "अडीचशे किलोमीटर चालत गेले आणि देवाला न भेटताच परत आले? मग गेले कशाला?" जेवता जेवता उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तिथली रीत ऐक. आळंदीहून ज्ञानेश्वर माऊलींची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. तोवर तिथं लाखो माणसं जमलेली असतात. विठोबाच्या पायांवर कुणालाही डोकं ठेवता येतं, पण रांग कित्येक तासांची. त्या दिवसांत देवाचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. देव निजत नाही, रात्रंदिवस उभा राहून भेट देतो. तरी सगळ्यांची पाळी कशी येणार? म्हणून चंद्रभागेत आंघोळ, प्रदक्षिणा, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं आणि कळसाला हात जोडायचे. वारी पोचली. असे हजारो वारकरी परततात, त्यात आबा एकटे नव्हते.

पण आबांचं जरा पुढचंच होतं. एरवी कधी आम्ही पंढरपूरला गेलो आणि रांग छोटी असली, तरी ते आम्हाला आत पाठवून स्वतः महाद्वारापाशी थांबायचे. "तुमी या जाऊन. मला हितनं दिसतोय की." आम्हाला वाटायचं, पाय दुखत असतील. पण अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे पाय रांगेत कसले दुखतात!

आबांना छपराखाली करमायचंच नाही. आपलं गाव माण तालुक्यातलं, पावसाच्या दृष्टीनं फुटक्या नशिबाचं. सह्याद्रीवर रिकामे झालेले ढग आमच्याकडे नुसते मिरवायला यायचे. तरी आबांचा मुक्काम बारा महिने रानातच. पहाटे विहिरीवर आंघोळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, आणि बांधावरून चालता चालता हरिपाठ. ज्वारी निसवली की माळ्यावर झोपायचे, हाताशी गोफण. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं त्यांना पाठ होती, आणि यंदा कुठल्या नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की हत्ती की गाढव, हे पंचांगात बघून पावसाचा अंदाज बांधायचे. अंदाज बऱ्याचदा चुकायचा. "पंचांगाचं काय, त्येला बी ढग दिसाय पायजेत," म्हणायचे.

कुळव धरला असताना टिटवीची अंडी दिसली, तर तेवढा तुकडा सोडून बैल वळवायचे. अंडी म्हणजे उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळलेली. आपल्याला पायाशी असूनही दिसत नाहीत. टिटवीला त्यांच्या दयेचं काही नव्हतं. ती डोक्यावर झेपा घेऊन बोंब मारायची आणि आबा तिला "व्हय माऊली, चाललो, चाललो" म्हणत पुढं व्हायचे. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडतानाही ते माऊलीच म्हणायचे. पक्षी आणि माणूस असा फरक त्यांनी केलेला मला आठवत नाही.

अशा माणसाला देव गाभाऱ्यातच भेटावा असं वाटत नसेल, तर मला त्यात नवल नाही. सावता माळी हे त्यांचे लाडके संत, ते उगाच नाही. अरण गावचे सावतोबा मळा सोडून पंढरपूरला गेलेच नाहीत, विठोबाच त्यांना भेटायला मळ्यात आला, अशी कथा आहे. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांची जात नाही. पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. आबा हे सांगताना असे खूश व्हायचे की जणू आपल्याच भावकीतली गोष्ट.

आणखी एक सांगायला हवं, कारण हे फक्त गोडगोड नाही. नामदेव पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबा एवढे मोठे संत, पण त्यांना जातीमुळं देवळात पाऊल टाकता आलं नाही. पुढं शेकडो वर्षं त्यांच्या लोकांना बाहेरूनच हात जोडावे लागले. 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठं ते दार सगळ्यांना उघडलं. बाहेर थांबणं ही आबांची आवड होती. चोखोबांची ती सक्ती होती. दोन्ही एका मापानं मोजू नकोस.

आणि वारीला नेमकं पेरणीच्या तोंडावर जाणं मला पटायचं नाही, तेही लिहून ठेवते. आबा टाळ घेऊन निघायचे आणि बाजरीची पेरणी आजीच्या गळ्यात. पावशा 'पेर्ते व्हा' ओरडत असायचा ते तिलाच ऐकू यायचं. आजी पूर्ण वारी कधी चालली नाही. मी एकदा तिच्या बाजूनं भांडले, तर तीच मला म्हणाली, "त्यो घरात थांबला तर मला जास्त काम." हसण्यावारी नेलं तिनं. मला अजून नेता येत नाही.

तू विचारलंस, आपण चालू शकतो का. सगळी वारी नको, शाळेची सुट्टी जुळली तर लोणंद ते तरडगाव एवढा टप्पा करू. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तिथं उभं रिंगण होतं. दोन घोडे दिंड्यांमधून धावतात. त्यातल्या एकावर स्वार नसतो, कारण त्यावर स्वतः माऊली असतात. पावसाची टोपी घे आणि जुने, पायाला बसलेले बूट घाल. नव्या बुटांनी फोड येतात. पंढरपुरात रांगेत उभं राहायचं की महाद्वारापाशी थांबायचं, ते तिथं पोचल्यावर तूच ठरव.

तुझी,
आई