गाडी खाली, टायर मोकळा

छोटी गाडी थोडी खाली घेतली की देखणी दिसते आणि वळणावर कमी झुकते. पण त्यामागोमाग टायर घासण्याच्या तक्रारीही येतात. या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांना धरून आहेत. बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेदान याच बांधणीच्या असतात.

प्रश्न : टायर आणि मडगार्ड यांच्यात चांगली चार बोटं जागा दिसते. ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घेऊ का? मेकॅनिक म्हणतो, नव्या कशाला, आहे त्याच स्प्रिंगचं दीड वेटोळं कापून देतो.

उत्तर : कापू देऊ नका. वेटोळं कमी झालं की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते. सहा वेटोळी काम करत होती आणि साडेचार उरली, तर कडकपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला असतो. त्याला ही उसळी आवरत नाही आणि गाडी उड्या मारत राहते.

खरा धोका स्प्रिंगच्या टोकाचा. ते टोक बैठकीतल्या खाचेत टेकलेलं असतं. कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही. चाक पूर्ण लटकलं की आखूड स्प्रिंग सैल सुटते आणि परत भार येताना वाकडी बसू शकते. त्यात गॅसने कापलं असेल तर कापाजवळच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग तिथून बसते किंवा तुटते.

आता ४० मिमीबद्दल. दिसणाऱ्या चार बोटांवर निर्णय घेऊ नका. शॉकच्या दांड्याची चाल किती उरते ते पाहा. समजा, गाडी उभी असताना स्ट्रटला दबायला ७५ मिमी आहे आणि त्यातले शेवटचे ३० मिमी बंप स्टॉपचे, म्हणजे दांड्यावरच्या फोमच्या ठोकळ्याचे. ४० मिमी खाली गेल्यावर मोकळी चाल उरली फक्त ५ मिमी. प्रत्येक खड्ड्याला गाडी ठोकळ्यावर आपटणार.

तुमच्या गाडीचा आकडा काढायला सोपा उपाय आहे. धूळरोधक नळी वर सरकवा, दांड्यावर एक केबल टाय सरकेल इतपत बांधा आणि ती शॉकच्या नळीच्या तोंडाला टेकवा. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने फिरून या. नळीच्या तोंडापासून टाय जेवढी वर सरकलेली दिसेल, तेवढी चाल वापरली गेली. मूळ उंचीवरच ती बंप स्टॉपपर्यंत पोचत असेल, तर खाली घ्यायला जागाच नाही. रोजच्या वापराच्या गाडीला आमच्या मते २५ ते ३० मिमी पुरे, आणि तेही त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगांनी, शॉक चांगल्या स्थितीत असतील तरच.

प्रश्न : गाडी ३० मिमी खाली घेतली. सोबत ६ जे ईटी ४५ रिमऐवजी ७ जे ईटी ३५ रिम बसवल्या. टायर आधी १८५/६५ आर१५ होते, आता २०५/५५ आर१६ आहेत. मागे दोन माणसं बसली की गतिरोधकावर ‘खर्र’ असा आवाज येतो. पुढचं चाक स्टिअरिंग पूर्ण वळवून मागे घेताना घासतं. अजून कडक स्प्रिंगा टाकल्या तर जाईल का?

उत्तर : स्प्रिंगने आवाज कमी वेळा येईल, जाणार नाही. टायर जास्तीत जास्त किती वर जाणार हे बंप स्टॉप ठरवतो. स्प्रिंग फक्त तिथवर किती वेळा जायचं ते ठरवते. मूळ चाकं आणि मूळ बंप स्टॉप ठेवून गाडी माफक खाली घेतली, तर बाहेरच्या कडेला टायर सहसा घासत नाही, कारण कंपनीने पूर्ण दबलेल्या अवस्थेतही तिथे जागा सोडलेली असते. तुमच्याकडे बदलली आहेत ती चाकं.

हिशोब असा. ‘जे’ आधीचा आकडा रिमची रुंदी इंचांत सांगतो आणि ‘ईटी’ पुढचा आकडा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर. रिमच्या निम्म्या रुंदीतून ऑफसेट वजा केला की हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) पृष्ठभागापासून बाहेरची कड मिळते. ६ जे म्हणजे १५२.४ मिमी, त्याचे निम्मे ७६.२, वजा ४५, उरले ३१.२. ७ जे म्हणजे १७७.८; निम्मे ८८.९, वजा ३५, उरले ५३.९. म्हणजे बाहेरची कड जवळपास २३ मिमी बाहेर आली. आतल्या बाजूसाठी वजाबाकीऐवजी बेरीज करा : १२१.२ होते, १२३.९ झाले. आत जेमतेम ३ मिमीचा फरक, बाहेर २३. टायरचा व्यासही ६२१.५ वरून ६३१.९ मिमी झाला, म्हणजे चहूबाजूंनी आणखी ५ मिमी. मागचा आवाज या २३ मिमींचा आणि पुढचा बहुधा या ५ मिमींचा आहे.

काहीही कापण्या-वळवण्याआधी जागा नक्की करा. टायरवर आणि मडगार्डच्या आत घासल्याची चकाकी पाहा : टायरच्या खांद्यावर बाहेरून असेल तर मडगार्डची कड लागते, नक्षीच्या मधल्या भागावर असेल तर लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर), आणि आतल्या भिंतीवर असेल तर स्ट्रट किंवा स्प्रिंगची बैठक. मग स्प्रिंग काढून तपासणी करा :

गाडी सपाट जागेवर, मजबूत स्टँडवर, बॉडीच्या नेमून दिलेल्या जागांवर टेकवा. मागच्या शॉकचे खालचे बोल्ट काढा, बीम हळूच खाली सोडा, दोन्ही स्प्रिंगा हाताने बाहेर येतील. शॉक आणि बंप स्टॉप परत जोडा, चाक लावा. एका बाजूने बीमखाली जॅक लावून चाक वर उचला, दुसरी बाजू लटकू द्या. वळणावर गाडी झुकते तेव्हा बीम असाच तिरका होतो. बंप स्टॉप टेकल्यावर अजून थोडा दाबा आणि गाडी स्टँडवरून हलायच्या आत थांबा. कडेवर आधीच चिकणमातीचा गोळा चिकटवून ठेवलेला असेल, तर तो किती चेपला त्यावरून अंतर कळतं. या अवस्थेत ८ ते १० मिमी मोकळे हवेत, कारण चालत्या गाडीत टायर फुगतो, वाकतो आणि सांध्यांतले रबरी बुशही थोडे देतात.

पुढे हेच स्ट्रटमधून स्प्रिंग काढून करायचं आणि चाक खालपासून वरपर्यंत पाच-सहा उंचीवर थांबवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहायचं. स्प्रिंग कंप्रेसरमध्ये (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्यारात) पूर्ण आवळलेली नसताना स्ट्रटचा वरचा मधला नट कधीही उघडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. कंप्रेसर वापरायची सवय नसेल तर हे काम वर्कशॉपमध्येच करून घ्या.

तुमच्यासाठी उपायांचा क्रम : पहिला टायर. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिमी, म्हणजे मूळ टायरइतकाच, आणि तो ७ जे रिमवर चालतो. घेताना भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही एवढं पाहा. पुढचं घासणं यानेच बहुधा थांबेल. तरी थांबलं नाही, तर मागे सरकलेला लायनर हीट गनने मऊ करून लाकडी ठोकळ्याने आत ढकला आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. बंपर आणि मडगार्ड जोडणारा स्क्रू टोक बाहेर काढून बसलेला असतो, तोही पाहा. टायर फाडतो तो बरेचदा हाच. मागच्यासाठी खरा उपाय रिम बदलणं. ६.५ जे ईटी ४३ घेतली तर मूळच्यापेक्षा बाहेर ८ मिमी आणि आत ४ मिमी इतकाच फरक पडतो. रिम ठेवायच्याच असतील तर शॉकच्या दांड्यावर बंप स्टॉपच्या पाठीमागे ५ ते १० मिमीची चकती घालून चाकाची वरची मर्यादा खाली आणता येते, पण तेवढी चाल कमी होते आणि गाडी लवकर आपटते. याच कारणाने, आराम वाढावा म्हणून बंप स्टॉप कापणाऱ्यांना नंतर घासण्याचा त्रास होतो : ठोकळा १५ मिमी कापला की टायर १५ मिमी अधिक वर जातो.

प्रश्न : मडगार्डची आतली कड वळवली तर रंग तडकतो का?

उत्तर : गार पत्र्यावर घाईने केलं तर तडकतो. चाक काढा, हबवर कड वळवायचा रोलर बसवा, कड आतून-बाहेरून धुऊन घ्या. हीट गन फिरती ठेवून पत्रा साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे हात क्षणभरच टेकवता येईल इतका तापवा. रोलरचा कोन एका वेळी थोडाच वाढवा आणि कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरवा. पाच-सहा फेऱ्यांत काम करायचं. एकाच जागी जोर दिला की बाहेरून पत्र्यात लाट दिसते. हातोडीने तर नाहीच.

आधी चुंबक लावून पाहा. पुट्टी भरलेल्या मडगार्डवर चुंबक धरत नाही, आणि पुट्टी वळत नाही, फुटते. मागच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे वेल्ड केलेले असतात आणि सांध्यात सीलर असतो. वळवताना तो सुटतो, म्हणून नंतर तिथे प्राइमर आणि नवा सीलर लावलाच पाहिजे, नाहीतर पाणी शिरून सांधा गंजतो. मागची कड ग्राइंडरने कापायला आमचा ठाम विरोध आहे, कारण वेल्डचे ठिपके त्या कडेतच असतात.

प्रश्न : गाडी खाली घेतल्यापासून पुढच्या टायरची आतली कड झिजते. कॅम्बर बोल्ट टाकू का?

उत्तर : आधी टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळली आहे, ते मोजा. गाडी खाली गेली की खालचा आर्म आणि टाय रॉड यांचे कोन बदलतात आणि टो हलतो. टो बाहेर गेला असेल तर आतली कड भराभर जाते. एकट्या उणे एक-दीड अंश कॅम्बरने, म्हणजे चाकाचं डोकं तेवढं आत झुकल्याने, इतकी झीज होत नाही. उंची बदलल्यावर अलाइनमेंट लगेच करा आणि नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटर चालून बसल्या की पुन्हा तपासा. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवाही त्यात येते.

कॅम्बर बोल्टने साधारण एक-सव्वा अंश बदल मिळतो. उणे कॅम्बर वाढवलं तर टायरचं डोकं आत जातं, मडगार्डला जागा मिळते, पण स्ट्रटकडची कमी होते. तिथे निदान ४ मिमी ठेवा. कमी पडली तर ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) चालतो, मात्र हबची मधली कड त्यातून बाहेर डोकावून रिमला धरते आहे याची खात्री करा. चाकाच्या १२ मिमी जाडीच्या, दीड मिमी आट्याच्या नट-बोल्टला किमान ८ पूर्ण फेरे बसले पाहिजेत.

अजून एक काम हमखास राहून जातं. खालच्या आर्मचे आणि बीमचे बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडी हव्या त्या उंचीला नीट बसतही नाही.

प्रश्न : गाडी थोडी जुनी आहे. मागून ४० मिमी खाली घेतल्यापासून ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं लॉक होतात. ब्रेक पॅड तर नवे आहेत.

उत्तर : गाडीखाली वाकून बीम आणि बॉडी यांच्यामध्ये दांडी किंवा छोटी स्प्रिंग जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे का पाहा. तो मागची उंची पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. बीम बॉडीच्या जवळ आला की त्याला वाटतं डिकी भरलेली आहे, आणि तो मागे जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत मागची चाकं लॉक होणं म्हणजे मागचा भाग फिरून जाण्याचा धोका, तेव्हा हे नीट होईपर्यंत गाडी चालवू नका. दांडीची जोडणी गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मापाने नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते आणि ब्रेक तपासणी यंत्रावर पुढचा-मागचा जोर मोजून खात्री करावी लागते. ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणाऱ्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो. हेडलाइटची उंची आपोआप जुळवणारा सेन्सर मागच्या बीमला असेल, तर तोही त्याच भेटीत नव्याने जुळवून घ्या.