गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगसाठी जागा निवडताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा आणि मग डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरपासून शक्यतो दीड फुटाच्या आत, गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला जाड पत्रा शोधा; अर्थिंगची केबल, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची निगेटिव्ह तार, याच पत्र्याला बोल्टने जोडायची असते. खरी मेहनत पुढेच आहे: रंग, प्रायमर आणि गंज सँडपेपरने घासून पत्रा चकाकेपर्यंत उघडा करावा, कारण रंगावर कितीही घट्ट आवळलेल्या बोल्टमधून वीज नीट वाहत नाही आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येऊ लागते. (नवशिके अशा वेळी उगाच अ‍ॅम्प्लिफायर बदलतात.) अर्थिंगची केबल पॉझिटिव्ह केबलइतकीच जाड असावी. अर्थिंगसाठी सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. नवे छिद्र पाडायचे झाल्यास खाली इंधनाची टाकी किंवा नळी नाही, हे वाकून पाहा.