मतदारयादीतलं नाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष म्हणून ओबामा निवडून आले, पण त्यानं शेवटी बदललं काय, असं तू विचारलं आहेस. तुझा राग समजतो. पण ‘काहीच नाही’ असं ठरवून मोकळं होऊ नकोस.

४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कात, ओबामांच्या विजयसभेत, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले जुने नेते जेसी जॅक्सन ढसढसा रडत होते. १९६८ साली मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तेव्हाही ते तिथं होते. त्या अश्रूंना भाबडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या राज्यांची राजधानी व्हर्जिनियातल्या रिचमंडला होती. त्याच व्हर्जिनियानं ओबामांना कौल दिला.

तो कौल एका रात्रीत आला नव्हता. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क १८७० सालीच मिळाला, पण कागदावर. १९६५ साल उजाडलं तरी अलाबामातल्या सेल्मामध्ये नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडायची. ताटकळत रांगेत उभं राहायचं, लांबलचक अर्ज भरायचा, घटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, वर आपली हमी देणारा एक मतदारही शोधून आणायचा. एवढं करूनही गोऱ्या अधिकाऱ्यानं नापास केलं की खेळ खलास. ७ मार्चला मताच्या हक्कासाठी लोक मोर्चानं सेल्माच्या पुलावर चालत गेले, तेव्हा चळवळीतले पंचवीस वर्षांचे नेते जॉन लुईस यांच्या कवटीला पोलिसी दंडुक्यानं तडा गेला. ऑगस्टमध्ये ही अडवणूक रोखणारा मताधिकार कायदा आला. पुढं १९९२ साली शिकागोत मतदार नोंदणीची मोहीम चालवणाऱ्यांत तरुण ओबामा होते.

आणि ते राष्ट्राध्यक्ष असतानाच, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्या कायद्याचे दात काढले. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी घ्यावी लागणारी केंद्राची परवानगी सुटली. तुझ्या रागाला खरी जागा इथं आहे. खुर्चीत कोण बसलं एवढंच बघत राहिलो, तर हे नजरेतून निसटतं.

हा लढा आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच.

तू तिथं शिकायला गेला आहेस, नागरिक नाहीस. स्वतःचं नाव यादीत चुकूनही घालू नकोस, तो गुन्हा आहे. नोंदणीच्या कामात हातभार लावता येतो का, हे तुझ्या राज्याच्या नियमांत आधी बघ. येत असेल तर या शनिवारपासूनच जा, आणि कुणाची नावं कशामुळे अडतात ते मला सविस्तर कळव.