पहिला पॅच पाठवायचा आहे, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न: दादा, मी नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिबरऑफिस या मोफत, खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये कोड द्यायची फार इच्छा आहे, सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून कोड उतरवला पण एवढ्या फायली बघून काहीच सुचून नाही राहिलं. सीनिअर म्हणतात कुठल्याही प्रोजेक्टची रीडमी (माहितीची) फाइल थोडी बदलून पाठव, तेवढंच नाव होतं. माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे, जमेल का?

उत्तर: जमेल. पण आधी ते रीडमीवालं डोक्यातून काढ. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरात खुल्या प्रोजेक्टना बदल पाठवायचा उपक्रम, २०२० मध्ये त्यातल्या टी-शर्टसाठी लोकांनी असलेच बिनकामाचे बदल इतके पाठवले की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला, जे प्रोजेक्ट स्वतःहून सामील होतील तेवढ्यांचेच बदल मोजायचे असा. पलीकडे ते वाचणारा माणूस बरेचदा आपला रिकामा वेळ देऊन वाचत असतो रे.

आणि लिबरऑफिसचं गिटहबवर जे दिसतं ती फक्त वाचायची कॉपी आहे, तिथे पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) घेतच नाहीत. पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, जातो गेरिट या बदल तपासायच्या साइटवर, बग, म्हणजे चुका, नोंदलेल्या असतात बगझिलावर, आणि एकदाच एक मेल करून सांगावं लागतं की माझा कोड एमपीएल आणि एलजीपीएल या लायसन्सखाली वापरा.

कोड बघून दडपण येणं साहजिक आहे. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीच्या स्टारऑफिसपासून हा कोड चालत आलाय, १९९९ ला सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली, २००० मध्ये कोड खुला होऊन ओपनऑफिस झालं आणि २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं निघालं, म्हणजे त्यातला काही कोड तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. तो सगळा समजून मग सुरू करीन म्हणशील तर कधीच सुरू होणार नाही. तुला एक डायलॉग (प्रोग्राममधली छोटी खिडकी) समजला तरी पुष्कळ.

कसं ते सांगतो. रायटर या लिबरऑफिसच्या लिहायच्या प्रोग्राममधला वर्ड काउंटचा डायलॉग उघड, इंटरफेस इंग्रजीत ठेव. त्यात ‘कॅरेक्टर्स एक्स्क्लूडिंग स्पेसेस’ असं दिसतं, तेच शब्द इंग्रजीत गिट ग्रेप या शोधायच्या कमांडने कोडमध्ये शोध. रायटरचा कोड एसडब्ल्यू फोल्डरात आहे (स्प्रेडशीटच्या कॅल्कचा एससीमध्ये), तिथे एक यूआय फाइल (डायलॉगचा आराखडा) सापडेल, त्या लेबलशेजारच्या आकड्याला एक आयडी दिलेला असतो, तो आयडी परत शोधला की डायलॉगची सी प्लस प्लस फाइल हाती लागते, आणि तिथून आकडा येतो कुठून हे एकेक फंक्शन धरून मागे मागे जात बघायचं. मधे एखादी प्रिंटची ओळ टाक, तेवढंच मॉड्यूल परत बिल्ड कर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनव), चालवून बघ. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की कोडची भीती जाते, माझं ठाम मत आहे की पहिला आठवडा एक ओळही न बदलता एवढंच करावं.

बिल्डचं मात्र आधीच सांगतो, पहिलं बिल्ड तुझ्या लॅपटॉपवर कित्येक तास घेईल आणि डिस्कवर भरपूर जागा खाईल. कॉन्फिगर करताना पॅरलेलिझम (एका वेळी किती कामं चालवायची) २ ठेव नाहीतर ८ जीबी रॅम लिंकिंगच्या, म्हणजे तुकडे जोडायच्या, वेळी भरून सगळं अडकतं, सीकॅश (आधीचं काम साठवून ठेवणारं टूल) चालू ठेव म्हणजे पुढची बिल्डं लवकर होतात. मे महिन्यात दुपारी लावूच नको, रात्री कूलरच्या खोलीत लाव, आणि मधे लाइट गेली तर घाबरू नको, परत मेक ही बिल्डची कमांड दिली की झालेल्या फायली सोडून तिथूनच पुढे चालतं.

मग बगझिलावर ‘ईझी हॅक’ असं लिहिलेले बग बघ. ते नवीन लोकांसाठीच ठेवलेले असतात आणि कोडमध्ये कुठे बघायचं तेही बरेचदा लिहिलेलं असतं. शेवटच्या कॉमेंट नक्की वाच, आधीच कोणी हातात घेतलाय का ते कळतं. पॅच गेला की जेनकिन्स हा आपोआप तपासणारा प्रोग्राम तो लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे बिल्ड करून बघतो, मग माणूस बघतो. दुरुस्ती सांगितली तर नवीन कमिट (बदलाची नोंद) करू नको, तोच कमिट अमेंड करून, म्हणजे सुधारून, परत पाठव, चेंज-आयडी (पॅचची ओळखखूण) तोच राहिला पाहिजे, नाहीतर गेरिटला तो दुसराच पॅच वाटतो.

प्रश्न: मी सक्करदऱ्यात डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, स्मरणिका वगैरे सगळं रायटरमध्ये. कधीकधी जोडाक्षर फुटतं, पीडीएफमध्ये वेगळंच दिसतं. कोडिंग अजिबात येत नाही, तरी काही मदत करता येईल का?

उत्तर: ताई, तुमच्यासारख्यांची तर फारच गरज आहे. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटरच्या आत ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. कर्सर त्याच्या मधे थांबावा का, बॅकस्पेसने एक तुकडा जावा की अख्खं अक्षर, हे देवनागरी न वाचणारा डेव्हलपर कसं ठरवणार, त्याला चुकलेलं दिसतच नाही!

असं काही दिसलं की तोच मजकूर, तोच फॉन्ट फायरफॉक्समध्ये लावून बघा. अक्षरं जुळवायला फायरफॉक्स हार्फबझ नावाची लायब्ररी वापरतं आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसही सगळीकडे तीच वापरतं, म्हणून दोन्हीकडे सारखंच फुटलं तर दोष बहुतेक फॉन्टचा किंवा त्या लायब्ररीचा, आणि फक्त रायटरमध्येच फुटलं तर बगझिलावर टाका. गिऱ्हाइकाची अख्खी स्मरणिका जोडू नका, एका ओळीची फाइल करा, फॉन्टचं नाव, लिबरऑफिसची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं एवढं लिहा, सोबत स्क्रीनशॉट. इंग्रजी साधंसुधं चालतं. आधीच्या आवृत्तीत नीट दिसायचं असं आठवत असेल तर तेही लिहाच, त्यावरून जुनी बिल्डं एकेक चालवून कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधून काढतात. वरच्या विद्यार्थ्यासारखी पोरं असेच बग शोधत असतात.

प्रश्न: माझा पॅच गेरिटवर दोन आठवडे पडून आहे, कोणी बघतच नाही. काढून टाकू का? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर: नका काढू. आधी जेनकिन्स पास झालाय का बघा, तिथे लाल असेल तर लोक बरेचदा थांबतात. हिरवा असेल तर ती फाइल अलीकडे कोणी बदलली ते गिट लॉगमध्ये (बदलांच्या यादीत) बघून त्याला रिव्ह्यूअर म्हणून जोडा आणि दोन ओळींची सभ्य आठवण टाका. चॅटवर विचारायचं तर लिबेरा चॅट या चॅट सेवेवर लिबरऑफिस-डेव्ह चॅनल आहे, पण वेळ बघून जा. बरेच डेव्हलपर जर्मनीतले आहेत, आणि जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, आपण सकाळी नऊला विचारलं तर तिकडे पहाट असते. दुपारी दोन-अडीचनंतर विचारा, आणि विचारून लगेच चॅनल बंद करू नका, उत्तर कधीकधी तासाभराने येतं.