एका रस्त्याचे कागद

प्रिय मित्रा,

एम.ए.ला राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन घेतलंस, मनापासून आनंद झाला. वर्गात सिद्धांत भरपूर मिळतील, ते नीट वाच. पण पहिल्याच महिन्यात आणखी एक काम हाती घे: तुझ्या तालुक्यात सरकारी निधीतून झालेला एखादा रस्ता निवड आणि त्याचा एकेक कागद मिळव.

गावोगावच्या फलकांवर '२५१५ अंतर्गत' असं लिहिलेलं असतं. २५१५ हे अर्थसंकल्पातलं प्रधान लेखाशीर्ष, म्हणजे जमा-खर्च ज्याखाली नोंदवतात तो क्रमांक: इतर ग्रामविकास कार्यक्रम. शीर्षाचा पहिला अंक आधी बघत जा. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ महसुली खर्च (रोजचा, चालू), ४ किंवा ५ भांडवली खर्च (मालमत्ता उभारण्याचा), ६ किंवा ७ कर्जं. म्हणून रस्ते-पुलांचा महसुली खर्च ३०५४ मध्ये सापडतो आणि भांडवली ५०५४ मध्ये. इथे एक खाचखळगा आहे. राज्य सरकार दुसऱ्या संस्थेला अनुदान देतं तेव्हा त्यातून रस्ता उभा राहिला तरी तो खर्च महसुलीच धरतात. हे माहीत नसलं की 'ग्रामीण भागात भांडवली गुंतवणूकच नाही' असले निष्कर्ष प्रबंधात शिरतात.

सगळ्यात जास्त चुका अर्थसंकल्पाचे रकाने वाचताना होतात. अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाआधी केलेला), सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना बदललेला) आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यंदाचा अंदाज गेल्या वर्षीच्या अंदाजाशी ताडून 'खर्च वाढला' असं लिहू नकोस. तरतूद झाली, एवढंच त्यातून कळतं. शिवाय पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा निधीच्या मागण्या, येतात, त्या सुटल्या की बेरीज चुकते. प्रत्यक्ष खर्चाचे आकडे उशिरा मिळतात, तेव्हा अभ्यासासाठी दोन-तीन वर्षांपूर्वीचंच काम घे.

शासन निर्णय हाती आला की आधी 'वाचा' या मथळ्याखालचे संदर्भ बघ आणि तिथून एकेक जुना निर्णय गाठ. नंतर निघालेलं शुद्धिपत्रकही शोध. आणि कायद्याला वळसा घालण्याची ताकद शासन निर्णयात नसते, म्हणून १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम शेजारी ठेव.

खरा प्रश्न इथेच उभा राहतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात रस्तेही आहेत. पण पंचायतींना प्रत्यक्षात किती अधिकार द्यायचे ते राज्याचं विधिमंडळ ठरवतं. मग गावातल्या गल्लीचं काम मंत्रालयातल्या यादीत मंजूर होतं, तेव्हा ग्रामसभेने काय ठरवलं होतं? ग्रामसभेचं इतिवृत्त आणि ती यादी समोरासमोर ठेवून बघ. माझ्या मते एवढ्यावर उत्तम प्रबंध होतो. 'महाराष्ट्रातील पंचायतराज' एवढा अवाढव्य विषय घेणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही.

उरलेले कागद माहितीच्या अधिकारात माग. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'रस्ता निकृष्ट का झाला?' असं विचारलंस तर उत्तर मिळणार नाही, कारण कार्यालयाने अभिलेखात असलेलं द्यायचं असतं, खुलासे नव्हेत. कागदांची नावं लिही: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, अंतिम देयक. उत्तराला ३० दिवस, अपील करावं लागलं तर निकालाला आणखी ३० ते ४५. सत्र हातातून जायला एवढं पुरेसं आहे, म्हणून अर्ज आधी टाक आणि पुस्तकं मग उघड.

मोजमाप पुस्तक मिळालं की त्यातली लांबी, रुंदी उतरवून घे आणि टेप घेऊन रस्त्यावर जा. तफावत दिसली तर लगेच भ्रष्टाचार लिहू नकोस. मध्येच सुधारित अंदाजपत्रक मंजूर झालं होतं का, ते आधी विचार.

कळावे,
तुझा स्नेही