फाल्सिपॅरम मलेरियाचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, उरलेल्या गोळ्या सोडल्या तर चालेल का?

नाही, तीन दिवसांचा कोर्स पूर्णच करायचा. कोर्समधलं आर्टेसुनेट हे औषध रक्तातले मलेरियाचे बहुतेक परजीवी झपाट्याने मारतं, म्हणून ताप लवकर उतरतो. पण ते काही तासांतच शरीरातून निघून जातं. उरलेल्यांचा निकाल लावायला जोडीचं, रक्तात बरेच दिवस टिकणारं औषध लागतं. अर्धवट सोडलं की ताप उलटू शकतो आणि औषधाला दाद न देणारे परजीवी तगतात. नुसत्या आर्टेसुनेटच्या गोळ्यांवर भारतात बंदी आहे ती यासाठीच.

राष्ट्रीय धोरणानुसार महाराष्ट्रात मोठ्या माणसासाठी:
- आर्टेसुनेट २०० मिग्रॅ रोज एकदा, ३ दिवस
- सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन फक्त पहिल्या दिवशी
- प्रायमाक्विन ४५ मिग्रॅ, दुसऱ्या दिवशी एकदाच (गरोदर बाईला नाही)

खाजगी डॉक्टरने आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन दिलं असेल तर डोस सहा: दुसरा ८ तासांनी, पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. तो दुधाबरोबर किंवा जेवणानंतरच घ्या. उपाशीपोटी ल्युमेफँट्रिन नीट शोषलंच जात नाही, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा.

मात्र रिपोर्टवर मलेरियाच्या परजीवीची जात बघा: फाल्सिपॅरम की वायवॅक्स. मुंबईत जास्त दिसणाऱ्या वायवॅक्सला क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस लागतं. जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर प्रायमाक्विन डॉक्टरांना विचारूनच. महापालिकेच्या दवाखान्यात रक्ततपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत.