इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली?

प्रश्न : माझं वय ४७. डाव्या स्तनाची मास्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढण्याचं ऑपरेशन, ठरली आहे आणि त्याच वेळी इम्प्लांटही (कृत्रिम स्तन) बसवायचं आहे. एक सर्जन म्हणतात, छातीच्या स्नायूखाली बसवू. दुसरे म्हणतात, स्नायूच्या वर. मी बारीक अंगाची आहे, रोज पोहते. कोणाचं ऐकू?

उत्तर : चूक दोघंही सांगत नाहीत. स्नायूखाली बसवताना छातीच्या मोठ्या स्नायूची खालची कड बरगड्यांवरून सोडवतात. इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली जातो, खालच्या भागाला एडीएमचा, म्हणजे पेशी काढून टाकलेल्या त्वचेच्या पट्टीचा, आधार देतात. वरची कड झाकली जाते, त्यामुळे गळ्याकडचा उतार नैसर्गिक दिसतो. पण सुरुवातीचे आठवडे दुखतं जास्त. शिवाय स्नायू आवळला की इम्प्लांटही हलतं. दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून आरशात पाहिलं, तर स्तन वर आणि बाहेरच्या बाजूला सरकताना दिसतो. पोहताना हाच स्नायू प्रत्येक हाताला लागतो, हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं.

वर बसवलं तर स्नायूला हात लागत नाही. दुखणं कमी, हलणंही नाही. पण इम्प्लांट आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये फक्त त्वचा आणि चरबीचा थर उरतो. बारीक बाईला पुढे वाकल्यावर वरच्या भागात सुरकुत्या दिसू शकतात. त्यावर नंतर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तिथे भरतात. त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून कधी दोनदा भरावी लागते.

खरा निर्णय मात्र ऑपरेशन टेबलावर होतो. स्तन काढल्यावर उरलेल्या त्वचेला रक्त पोचतंय का, हे कडेचं रक्त, रंग आणि सोय असेल तिथे शिरेतून हिरवा डाय देऊन कॅमेऱ्याने बघतात. त्वचा काळवंडून मेली, तर वर बसवलेलं इम्प्लांट थेट उघडं पडतं. धूम्रपान, ताब्यात नसलेली साखर, आधी झालेलं रेडिएशन यांनी हा धोका वाढतो. म्हणून दोघांनाही एकच विचारा : ‘त्वचा कमजोर वाटली तर तुम्ही काय कराल?’ ‘त्या दिवशी एक्सपांडर (सलाइनने हळूहळू फुगवायची तात्पुरती पिशवी) ठेवू, जवळजवळ रिकामाच,’ असं उत्तर आलं, तर त्या सर्जनने विचार केलेला आहे. ‘तसं होणार नाही’ या उत्तरावर मी तरी थांबले असते.

प्रश्न : एक्सपांडर बसवला आहे, पुढे रेडिएशन आहे. तो कसा भरतात?

उत्तर : जखम भरली की साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात होते. लोहचुंबकाने पोर्टची, म्हणजे एक्सपांडरमधल्या सुई टोचायच्या झडपेची, जागा शोधून सुईने सलाइन सोडतात, एका वेळी ५० ते १०० मिली, आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने. ऑपरेशनच्या वेळी १५० मिली भरलं असेल आणि ४०० मिलीपर्यंत जायचं असेल, तर ५० मिलीच्या हिशेबाने पाच खेपा. दोन दिवस ताण जाणवतो. त्वचा पांढरी पडली तर तिथेच थांबून थोडं सलाइन परत काढून घेतात, उगाच सोसू नका. रेडिएशनने इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून घट्ट होण्याची शक्यता वाढते. रेडिएशन एक्सपांडरवरच दिलं, तर कायमचं इम्प्लांट बहुतेक वेळा त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी बसवतात. आणि एमआरआय सांगितला, तर एक्सपांडर आहे हे आधी कळवा. पोर्टमध्ये चुंबक असेल तर सहसा एमआरआय करत नाहीत.

प्रश्न : ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कधी काढायचा?

उत्तर : २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी, असं लागोपाठ दोन दिवस आलं की बहुतेक सर्जन काढतात. रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. लवकर काढला तर पाणी साचतं, फार दिवस ठेवला तर नळीवाटे जंतू आत जातात. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला किंवा लाली पसरू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.